सुटलेली तोरणी

माझ्या मोबाईलमध्ये एकेचाळीस सेकंदांचा एक व्हिडिओ आहे. तो मी कुणालाही पाठवला नाही आणि पुसलाही नाही. जवळजवळ वर्षभर तो तसाच पडून होता. मोबाईलची जागा भरली तेव्हा मी आईचे फोटो पुसले, वर्गातल्या नोट्स पुसल्या, पण त्याला हात लावला नाही. का, ते मला आजही नीट सांगता येणार नाही. पुसला तर घडलेलं पुसलं जाईल आणि मग मी खरंच सुटेन, याची भीती वाटत असावी.

आमचं गाव बिद्रीच्या अलीकडं आहे. गावाची स्वतःची सासनकाठी आहे. चैत्रात जोतिबाच्या डोंगरावर गावोगावच्या काठ्या जातात, त्यांतलीच एक. ज्यांनी ती पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. दोन माड्यांहून उंच असा एक वेळू, त्याला कापड गुंडाळलेलं, वर निशाणं आणि झेंडूच्या माळा. बुंधा एका माणसानं कमरेच्या शेल्यावर टेकवून, छातीशी धरून चालायचं आणि चौकात नाचवायचं. पण एवढी उंच काठी एकट्याच्या बळावर उभी राहत नाही. तिला वरून चारी बाजूंना दोर सोडलेले असतात. त्यांना तोरण्या म्हणतात. चार माणसं चार तोरण्या ताणून धरतात, तेव्हा काठी सरळ राहते. लोक काठीकडं आणि काठी धरणाऱ्याकडं बघतात. तोरणीवाल्याकडं कुणी बघत नाही.

काठी धरायचा मान आमच्या गल्लीतल्या आप्पांच्या घराकडं आहे. ते आमच्या नात्यातले नव्हेत, पण सगळी गल्ली त्यांना आप्पाच म्हणते. वय साठीच्या आसपास, अंगानं बारीक, बोलायला फटकळ. पाडव्याला काठी उभी राहिली की डोंगरावरून परत येईपर्यंत त्यांच्या पायात चप्पल नसायची, गादीवर झोपणं नसायचं, मटण आणि अंडं वर्ज्य. आणि माझे वडील वीसेक वर्षं मागची डावी तोरणी धरत होते. तो काही मान नव्हता. त्यांच्यावर भरवसा होता, एवढंच.

गेल्या वर्षी वडिलांचा खांदा धरला आणि त्यांनी ती तोरणी मला दिली. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला. कोल्हापूरला राजारामपुरीत एका खोलीत आम्ही तिघं मुलं राहतो, मी फिजिक्स घेऊन बीएस्सी करतो. मी घरी आलो की आई शेजारणींना मुद्दाम हाक मारून बोलवायची. त्यामुळं वडिलांनी तोरणी देताना मला वाटलं, हे तर माझ्याकडं यायचंच होतं. त्यांनी दोनच गोष्टी सांगितल्या.

“दोन्ही हातानं धर. आणि वर बघू नगंस. आप्पाच्या पायाकडं बघ. काठी कुठं जाणार ते पाय आधी सांगत्यात.”

मी व्हय म्हणालो.

काठी सकाळी गावातून निघाली. मोबाईलवर वर्गातल्या मुलामुलींचा एक ग्रुप होता, त्यात मी असून नसल्यासारखा होतो. त्यांच्या सहली, त्यांचे वाढदिवस, त्यांचे विनोद. मी खाली अंगठ्याचं चिन्ह टाकायचो. आदल्या दिवशी कुणीतरी लिहिलं होतं, “तुमच्याकडची काठी बघायचीय, व्हिडिओ टाक ना.” माझ्याकडं कुणी काहीतरी मागितलं, असं पहिल्यांदाच झालं होतं. देवळाच्या कोपऱ्यावर काठी वळते, तिथं निशाणं उन्हात येतात. मी तोरणीचा वेढा डाव्या मुठीवर घेतला, उजव्या हातानं खिशातून मोबाईल काढला आणि वर धरला. दोन्ही चुका एकदम केल्या. एका हातानं धरली, आणि वर बघितलं.

पडद्यावर निशाणं फार सुंदर दिसत होती. वळताना मागच्या डाव्या तोरणीनं ताण द्यायचा असतो. माझी मूठ कधी सैल झाली ते मला कळलं नाही. लोकांचा आवाज बदलला तेव्हा मी खाली पाहिलं. काठी उजवीकडं कलत होती. आप्पांनी ती सोडून दिली असती तर ते सुखरूप राहिले असते. पण निघालेली काठी जमिनीला लागू द्यायची नसते. त्यांनी गुडघा टेकला, वेळू खांद्यावर घेतला, आणि त्यांचा उजवा हात देवळाच्या पायरीच्या दगडावर काठीखाली सापडला. काठी जमिनीला लागली नाही. मनगटाचा आवाज मात्र जवळच्या सगळ्यांनी ऐकला.

मी मोबाईल खिशात घातला आणि तोरणी उचलली. हे फार झटकन केलं. काठी सांभाळायला माणसं धावली, त्या गर्दीत माझ्याकडं कुणी पाहिलं नाही. आप्पांच्या थोरल्या मुलानं काठी घेतली, ती डोंगराकडं गेली, आणि आप्पा कोल्हापूरला दवाखान्यात गेले. मनगटात धातूची पट्टी बसवली. हात पुन्हा पहिल्यासारखा वळणार नाही असं सांगितलं.

काठी परत आल्यावर दोन दिवसांनी देवळात माणसं बसली. काय चुकलं, हा प्रश्न होता. असं आजवर झालं नव्हतं. कुणी म्हणालं वेळू जुना झाला होता, कुणी म्हणालं निघायची वेळ चुकली. मग एका म्हाताऱ्यानं माझ्याकडं बोट केलं.

“ह्याला विचारा की. एवढं शिकतोय ते कशाला? सांग रं, कशानं झालं?”

मला तेव्हा बोलता आलं असतं. कुणी संशय घेतला नव्हता, कुणी ओरडत नव्हतं. मी म्हणालो, “वारा होता वर.” आणि कुणी काही विचारायच्या आत, खाली फरशीवर खडूनं काठी काढून दाखवली. खाली वारा लागत नाही पण उंचावर लागतो, निशाणं शिडासारखी भरतात, तोल कसा जातो, सगळं समजावलं. त्यात विज्ञान म्हणून चूक काहीच नव्हतं. लोकांनी माना हलवल्या. “बघा, शिक्षणाचा फायदा,” असंही कुणी म्हणालं. वडील खांबाला टेकून बसले होते. ते फरशीवरच्या चित्राकडं बघत नव्हते, माझ्या हातांकडं बघत होते. मला वाटलं, त्यांना अभिमान वाटत असेल.

आप्पा गळ्यात हात बांधून एका बाजूला बसले होते. ते म्हणाले, “वारा दरसाल असतोय. माझंच चुकलंय. मला म्हाईत हाय काय चुकलं ते.”

मग त्यांनीच सांगितलं. पाडव्यानंतर चार दिवसांनी त्यांच्या नातीचा वाढदिवस होता, सहावा. तिनं केकचा तुकडा आजोबांच्या तोंडात घातला, आणि त्यांनी तो खाल्ला. केकात अंडं असतं हे त्यांना मागून कुणीतरी सांगितलं. देवाचा नेम मोडला, म्हणून देवानं हात मोडला. त्यांच्या मनात हिशेब पुरा झाला होता. “हा मान आता माझ्याकडं नको,” म्हणाले, आणि उठून गेले.

मी तिथंच बसून राहिलो. हातात खडू होता.

त्यानंतरचं वर्ष कसं गेलं ते लिहायला लाज वाटते, कारण वरून बघता ते चांगलं गेलं. मार्क चांगले पडले. मी मटण सोडलं. खोलीतले दोघे चेष्टा करायचे, “साधू झालायस काय रं, रस्सा तरी वाढू का?” दर दुसऱ्या रविवारी मी बसनं डोंगरावर जायचो. रांगेत उभा राहायचो, कपाळाला गुलाल लावून घ्यायचो, आणि देवाला मनातल्या मनात सगळं खरं सांगायचो. तोरणी, मोबाईल, खडू, सगळं. सांगून झालं की हलकं वाटायचं. ते हलकेपण राजारामपुरीच्या थांब्यावर उतरेपर्यंत टिकायचं.

आई एकदा फोनवर सहज म्हणाली की आप्पा आता डोंगरावर जात नाहीत. आधी ते दर पौर्णिमेला जायचे. “कुठल्या तोंडानं जाऊ, म्हणत्यात,” आई म्हणाली. मी तेव्हा डोंगरावरून परतीच्या बसमध्ये होतो. शर्टावर गुलाल होता. ज्यांचं काही चुकलं नव्हतं ते घरी बसले होते, आणि त्यांच्या जागी मी जात होतो. तरीही मी गावाकडं गेलो नाही. पुढच्या रविवारी पुन्हा डोंगरावरच गेलो. देवाला सांगणं सोपं होतं. देव उलट विचारत नाही.

यंदा नातीचा वाढदिवस पाडव्याच्या आधी आला. मी राजारामपुरीतल्या एका बेकरीतून केक घेतला, बिनअंड्याचा. डब्यावरचा हिरवा ठिपका दोनदा तपासला. खरं सांगायचं तर मला वाटत होतं की एवढ्यावर भागेल. ती केक खाईल, आप्पा खातील, जुनी गोष्ट मागं पडेल, आणि मला तोंड उघडावं लागणार नाही. बसमध्ये तासभर तो डबा मांडीवर धरून आलो. दोन्ही हातांनी.

आप्पा घराच्या पुढच्या सोप्यात बसले होते, उजवा हात मांडीवर. त्या हाताची बोटं आता पूर्ण मिटत नाहीत. नात उंबऱ्यावर बसून दप्तराची चेन लावत होती. मी डबा पुढं केला.

“नको,” ती म्हणाली.

“का गं? बिनअंड्याचा आहे. हा बघ हिरवा ठिपका.”

“नको मला. आज्ज्याचा हात मोडतोय.”

तिनं ते रडून म्हटलं नाही. चूल पोळते असं सांगावं, तसं म्हटलं. तिची आई आतून म्हणाली, “वर्सभर असंच चाललंय बघ. शाळेत कुणाचा वाढदिवस असला तर चॉकलेट सुद्धा घेत न्हाय.” आप्पा म्हणाले, “बाळा, तुझं काय बी चुकलं न्हाय. खाल्लं मी. चुकलं माझं. किती डाव सांगायचं?”

ती चेन लावत राहिली.

आप्पांनी स्वतःला दोष लावून घेतला ते मी वर्षभर सहन केलं होतं. मी स्वतःला सांगायचो, म्हातारा माणूस आहे, श्रद्धेचा विषय आहे. पण ही सहा वर्षांची होती, आता सातची झाली, आणि माझी चूक तिच्या अंगावर होती. मी डबा खाली ठेवला. मोबाईल काढला, तो व्हिडिओ शोधला आणि आप्पांच्या हातात दिला. मला बोलता येत नव्हतं म्हणून दिला. धाडस म्हणून नाही.

त्यांनी तो डाव्या हातात धरून पाहिला. निशाणं, ऊन, मग एकदम आकाश तिरपं होतं, लोकांचा आवाज. शेवटची तीन सेकंदं फक्त जमीन दिसते. धुळीत पडलेली तोरणी, आणि तिच्याशेजारी माझं अनवाणी पाऊल.

“परत लाव,” ते म्हणाले.

मी परत लावला. तिसऱ्यांदाही लावला. मग मी सांगितलं. वारा नव्हता, मी वर बघत होतो, एका हातानं धरली होती, तोरणी सुटली नाही, मी सोडली. सांगताना माझा आवाज किती बारीक झाला होता ते मलाच ऐकू येत होतं.

आप्पांनी मोबाईल माझ्याकडं परत दिला. मला वाटत होतं ते शिव्या देतील. त्यांच्या शिव्या गावात प्रसिद्ध आहेत. शिव्या आल्या असत्या तर बरं झालं असतं.

“वर्सभर डोंगराला गेलो न्हाय मी,” ते म्हणाले. “बारा पौर्णिमा.”

मी मान खाली घातली. त्या बारा पौर्णिमा परत देण्यासारखं माझ्याकडं काही नव्हतं. मी तर त्यांतल्या एका पौर्णिमेला स्वतः वर होतो.

“आणि काय म्हणालतास? निशाणं शिडासारखी भरत्यात. फरशीवर चित्र काढून.” ते माझ्याकडं बघत म्हणाले, “कॉलेजात वारा शिकलास व्हय रं?”

आतून त्यांची सून हसली आणि लगेच गप्प झाली.

“मला सांगून काय उपेग?” आप्पा म्हणाले. “माझा हात काय सरळ व्हणार न्हाय. तिला सांग. मोबाईल दावू नको, तोंडानं सांग.”

मी उंबऱ्याशी खाली बसलो. देवापुढं मी इतक्या वेळा बोललो होतो, पण तिच्यापुढं शब्द जुळत नव्हते. मी सांगितलं की आजोबांचा हात केकमुळं मोडला नाही. माझ्या हातात दोर होता, तो मी नीट धरला नाही, म्हणून काठी पडली, आणि मी हे कुणाला सांगितलं नाही.

तिनं माझ्याकडं नीट बघितलं.

“मग तुझा हात का न्हाय मोडला?”

मी म्हणालो, “मोडायला पाहिजे होता खरं.”

तिनं थोडा विचार केला. मग डब्याचं झाकण उघडून केकवरचं साखरेचं फूल तेवढं उचललं आणि ते घेऊन बाहेर गेली. खाल्लं की नाही ते मी पाहिलं नाही. केक तसाच राहिला.

दोन दिवसांनी तोरण्या कुणी धरायच्या ते ठरवायला देवळात माणसं जमली. मी आप्पांना न विचारताच उठलो आणि सगळ्यांसमोर सांगितलं. गेल्या वर्षी ज्या फरशीवर चित्र काढलं होतं तिथंच उभा होतो. बोलणी सुरू झाली.

“वारा म्हणालतास की रं.”

“सिनेमा काढत होता पावणं.”

“ह्याला दोराजवळ सुद्धा येऊ देऊ नका.”

मला हेच अपेक्षित होतं, आणि खरं सांगतो, ऐकताना कुठंतरी बरंही वाटत होतं. आप्पा उठेपर्यंत सगळे बोलत होते. आप्पा म्हणाले, “मागची डावी त्यालाच द्या.”

“आप्पा, अवो त्यानंच पाडली की.”

“म्हणूनच की. बाकीच्या तिघांनी अजून पाडली न्हाय. त्यांचं मला म्हाईत न्हाय. हा आता सोडणार न्हाय.”

लोक हसले. मला हसू आलं नाही. शिक्षा झाली असती तर मी ती भोगून मोकळा झालो असतो. त्यांनी माझ्या हातात पुन्हा तोच दोर दिला होता, सगळ्या गावाला माहीत असताना. तो कसा घ्यायचा ते मला कळत नव्हतं.

घरी जाताना वडील माझ्याबरोबर चालत होते. चौक ओलांडल्यावर म्हणाले, “मला तवाच कळलं होतं.”

मी थांबलो.

“तोरणी ओढून सुटली तर तळहात सोलून निघतोय. माझा दोनदा निघालाय. तुझ्या हाताला वळ सुद्धा न्हवता. खडू धरलास तवा बघितलं मी.” ते पुढं बघत चालत होते. “म्हटलं, पोरगं शिकाय लागलंय. कशाला बोला.”

मला वाटत होतं मी एकटाच वर्षभर ते घेऊन फिरत होतो. तसं नव्हतं. आपली चूक आपण लपवली की ती आपल्यापाशी राहते, असं मी समजत होतो. ती आधी आप्पांकडं गेली, मग त्या मुलीकडं, आणि आमच्याच घरात एका खांबाला टेकून बसलेल्या माणसाकडं.

काठी निघाली त्या दिवशी आप्पांच्या मुलानं ती धरली. आप्पा अनवाणी, कपाळाला गुलाल, पुढं चालत होते. ते डोंगरापर्यंत जाणार होते. मोबाईल मी आईकडं दिला होता. मी मागची डावी तोरणी दोन्ही हातांनी धरली आणि नजर काठी धरणाऱ्याच्या पायांवर ठेवली. नात माझ्या डाव्या बाजूनं चालत होती. सगळी पोरं वर निशाणांकडं बघत होती. ती माझ्या हातांकडं बघत होती. तिला कुणी तसं सांगितलं नव्हतं.

देवळाच्या कोपऱ्यावर मी पाहिलं, पाय उजवीकडं वळले, आणि त्याच क्षणी वर खरंच वारा आला. दोर एकदम ताणला गेला, मुठीतून दोन बोटं सरकला. मी मागं रेललो. तळहातात आग झाली, पण मूठ उघडली नाही. काठी जरा थरथरली आणि सरळ झाली. कुणाच्या लक्षातही आलं नाही.

वेशीवर तोरण्या दुसऱ्या माणसांकडं दिल्या. मी बाजूला उभा राहिलो. ती जवळ आली.

“दाखीव.”

मी तळहात उघडले. दोन्हीवर लाल वळ होते, एका ठिकाणी कातडं निघालं होतं. तिनं त्यावर बोट टेकवलं.

“दुखतंय?”

“हो.”

“बरं झालं,” ती म्हणाली, आणि आजोबांचं बोट धरायला पुढं पळाली.